रुसव्याचा बोर्ड

आमच्या एका शेताचं नाव रुसवा आहे. साडेपाच एकर काळी जमीन, मधोमध विहीर, विहिरीच्या कडेला लिंब आणि लिंबाखाली धुरपता आत्याचं पत्र्याचं घर. बाकीच्या शेतांना आमच्याकडं सरळ नावं आहेत. नदीकडचं, चिंचेचं, मसणवाट्याचं. हे एकच असं, की नाव सांगितलं की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडं बघतो. पाहुणे यायचे, दादा कुठं गेलेत विचारायचे, मी म्हणायचे, दादा रुसव्यात आहेत. पाहुणे उभ्या उभ्या पाणी पिऊन निघून जायचे. एकदा फळबागेच्या योजनेसाठी कृषी सहाय्यक आला होता, नवा, लातूरकडचा. आईनं दारातूनच सांगितलं की मालक सकाळपासून रुसव्यात हायती, सांजच्याला येतील. तो म्हणाला, मग राहू द्या, मूड चांगला असेल तेव्हा येतो. त्यानंतर महिनाभर फिरकला नाही.

दादा म्हणजे माझे वडील, दिनकरराव. मोसंबीची बाग महिनाभर लांबली, आणि शेताचं नाव त्यांच्या डोळ्यांत तेव्हापासून खुपायला लागलं.

आमचं गाव पेडगावपासून चालत पाऊण तासावर. वेड पांघरून पेडगावला जातात म्हणे लोक. म्हणीतलं पेडगाव नगरकडचं आहे, हे मला मास्तरांनी शाळेतच सांगितलं होतं. पण आम्हाला एसटी धरायची म्हटली तरी पेडगावलाच जावं लागतं, त्यामुळं आम्ही पांघरायच्या भानगडीत पडत नाही.

दादांना भाषणाची हौस. अठ्ठ्याहत्तर सालापासून सोळा वर्षं विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा धुमसत होता. दादांनी विद्यापीठ बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं, सातवीच्या परीक्षेला दोनदा बसून दोनदा उठले होते. तरी नामांतर होऊ द्यायचं नाही म्हणून ट्रकमध्ये उभं राहून परभणीच्या मोर्चाला जायचे आणि आल्यावर पारावर भाषण ठोकायचे. भाषण एकच. नावात इतिहास असतो, नाव बदललं की बापजाद्यांची हाडं हालतात. अठ्ठ्याहत्तर साली आजूबाजूला माणसांची घरं जळली. आमच्या गावात जळली नाहीत, पण बुद्धवाड्याला महिनाभर किराणा मिळाला नाही, आणि दादांना त्यात काही वावगं दिसलं नाही. हे मी इथं लिहून ठेवते, कारण दादा ते कुणाला सांगत नाहीत.

मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत नामविस्तार झाला. बापजाद्यांची हाडं होती तिथंच राहिली. दादा आठ दिवस गप्प बसले आणि नवव्या दिवशी जेवताना म्हणाले, आपल्या रुसव्याचं नाव बदलायचं. आईनं भाकरी थापता थापता हात थांबवला, त्यांच्याकडं बघितलं आणि परत थापायला लागली. माझी आई सरजाबाई. तिचं बोलणं म्हणजे एवढंच असायचं.

नवं नाव ठरलेलं होतं. दिनकर फार्म. रस्त्याच्या कडेला लोखंडी बोर्ड लावायचा, वर नाव, खाली मोसंबीचं चित्र, त्याखाली स्थापना अमुक साल. साल हवं म्हणून पेटीतला जुना कागद निघाला. कागद निझामाच्या वेळचा, उर्दूत. त्याच्या कोपऱ्यातला आकडा तेवढा दादांना कुणीतरी पूर्वी वाचून दाखवला होता, १३४२. तेव्हापासून त्यांची समजूत अशी, की आमचं घराणं देवगिरीच्या राजवटीपासून तिथं नांगर धरून उभं आहे.

कागद वाचायला परभणीला दत्तोपंतांकडं जायचं ठरलं आणि दादांनी मलाही बरोबर घेतलं. मी तेव्हा माहेरीच होते. मला चुडाव्याला दिलेली. मागच्या पावसाळ्यात पत्र्याची पेटी घेऊन परत आले. नवरा मारायचा. दादा म्हणायचे, भांड्याला भांडं लागायचंच. ते खरं असेल, पण पोचे सगळे एकाच भांड्याला यायचे.

दत्तोपंत तहसिलीतले जुने कारकून, उर्दूत शिकलेले, रिटायर होऊन पंधरा वर्षं झालेली. गावोगावचे लोक जुने कागद घेऊन त्यांच्या ओसरीवर बसलेले असत. त्यांनी भिंग लावलं आणि पहिल्या झटक्यात घराण्याची सहाशे वर्षं कापून टाकली. म्हणाले, हे साल फसली आहे, फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे, म्हणजे एकोणीसशे बत्तीस. दादांचा चेहरा उतरला. पंतांनी पुढं वाचलं, ‘खेत मारूफ रुसवा’. मारूफ म्हणजे लोक ज्याला ह्या नावानं ओळखतात ते.

दादांना जरा धीर आला. त्यांनी आमच्या बैठकीतला इतिहास सांगितला. त्यांचे आजोबा माणिकराव निझामाच्या तहसीलदारावर रुसले, सारा भरायला नाही म्हणाले आणि ह्या शेतात ठाण मांडून बसले, म्हणून शेताला रुसवा म्हणतात. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर वर्षी तिच्यात निझामाचे दोन शिपाई वाढायचे.

दत्तोपंतांनी भिंग खाली ठेवलं. “दिनकरराव, कागद उर्दूचा आहे,” ते म्हणाले. “उर्दूत रुसवा म्हणजे बदनाम. बेइज्जत. चारचौघांत ज्याची छी-थू झाली तो रुसवा.”

दादांनी त्यांच्या हातातून कागद ओढूनच घेतला. पंत म्हणाले, अहो, पुढं अजून आठ ओळी आहेत. दादा म्हणाले, राहू द्या, आणि चपला घालायला लागले. एसटीत पेडगाव येईपर्यंत कागदाची घडी उलगडत होते आणि परत घालत होते. नावात इतिहास असतो म्हणून सोळा वर्षं घसा बसवणाऱ्या माणसाला आता त्या इतिहासाची भीती वाटायला लागली होती. आजोबांनी काय शेण खाल्लं असेल, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात चाललेला मला दिसत होता. खरं सांगते, मला हसू येत होतं. ते हसू पुढं फार टिकलं नाही.

दादांनी नाव तर बदलायला काढलंच, त्याबरोबर शेत मोकळं करायलाही काढलं. धुरपता आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. तीही नवऱ्याकडून परत आलेली, बासष्ट साली. तेव्हापासून रुसव्यात राहते, रुसवा तीच करते. ज्वारी, तूर, थोडा कांदा, चार शेळ्या. माझे आजोबा, म्हणजे दादांचे वडील, वारल्यावर सातबाऱ्यावर दादांच्या खाली तिचं नाव लागलं होतं, आणि ते तीस वर्षं कुणाच्या डोळ्यांवर आलं नव्हतं. पण चौऱ्याण्णव साली जिकडंतिकडं बोलवा होती की लेकींना जमिनीत बरोबरीचा वाटा देणारा कायदा येतोय. पारावरची मोठमोठी माणसं एकदम आपापल्या बहिणींकडं साडीचोळी घेऊन जायला लागली होती.

दादाही मे महिन्याच्या सुरुवातीला एक दिवस साडी घेऊन रुसव्यात आले. आई जेवण घेऊन गेली होती, मीही होते. आम्ही लिंबाखाली बसलो होतो. दादांनी आत्यापुढं साडी ठेवली, साडीवर कागद ठेवला आणि म्हणाले, बोर्डाचं काम आहे, सही कर. आत्या चौथी शिकलेली. तिनं चष्मा लावून वरची ओळ वाचली. हक्कसोडपत्र.

“बोर्डाला एवढा मोठा कागद लागतो का रं दिनकरा?” तिनं विचारलं.

मग दादांनी सगळं एका दमात सांगून टाकलं. की हे नाव बदनामाचं आहे, पंतांनी स्वतः वाचलंय. नाव काढायचं म्हणजे मुळापासून काढायचं. इथं मोसंबी लागणार, पत्र्याच्या घरात राखणदार राहणार. आत्यानं घरी यावं, गोठ्याशेजारची खोली रिकामी करून देतो. आणि सत्यशीलेला न्यायला आखितीच्या दिवशी चुडाव्याची माणसं येणार आहेत, त्यांना होकार कळवलाय. शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडं न बघता, शेळीकडं बघून म्हटलं.

आखितीला नऊ दिवस होते. चुडाव्याच्या घराचा उंबरठा, मागच्या खोलीची कडी, ती आतून लावायची की बाहेरून हे कोण ठरवायचं, सगळं एकदम आठवलं. आत्या कागद तसाच हातात धरून बसलेली. तेवढ्यात आई बोलली. ती भाकरीचं फडकं झटकत होती, झटकता झटकताच बोलली.

“तुमच्या घरात सत्याला जागा न्हाई. वन्सला हाय ती गोठ्याजवळ हाय. आन् माझी हाय ती चुलीपुढं. ती बी घ्या तुमी. मी इतंच ऱ्हाते.”

दादांना वाटलं थट्टा चाललीय. मग वाटलं उन्हानं डोकं फिरलंय. मग हसले आणि म्हणाले, रुसली वाटतं. आमच्याकडं रुसायचा मान पुरुषांचा. लग्नात नवरदेव रुसतो, दिवाळीला जावई रुसतो, पंगतीत बोलावणं उशिरा गेलं तर व्याही रुसतो. दादा स्वतः त्यांच्या लग्नात सायकलीसाठी तीन तास रुसले होते, अख्ख्या वऱ्हाडाचं जेवण निवून गेलं होतं, आणि ती सायकल अजून आमच्या माळवदावर गंजत पडली आहे. बाई रुसली तर तिला कुणी रुसली म्हणत नाही, तोंड फुगवलं म्हणतात. दादा आत्याच्या हातातला कागद घेऊन त्याच हिशेबानं घरी गेले. भुकेची वेळ झाली की येईल, असं म्हणून गेले. भूक कुणाला लागणार हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पारावरच्या हॉटेलात भजी. तिसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यानं सगळ्यांदेखत विचारलं, वहिनी माहेरी गेल्या का, आणि दादा म्हणाले, न्हाई, रुसव्यात हायती. अख्खं हॉटेल हसलं. तिथून पुढं त्यांनी घरीच चूल पेटवायला घेतली. छप्पन्न वर्षांच्या माणसाला काडीनं चूल पेटवताना बघायला शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावत. आम्हाला रुसव्यात सगळ्या बातम्या यायच्या. भाकरी तव्याला चिकटली, तवा उलथा करून झोडपला, भाकरीचा एक तुकडा कुत्र्यानं हुंगला आणि सोडून दिला.

पाचव्या दिवशी लिंबाजी पेंटर सायकलच्या कॅरिअरला बोर्ड बांधून थेट शेतात आला. लिंबाजी बुद्धवाड्यातला. तो दादांना मालक म्हणत नाही, दिनकरराव म्हणतो, आणि हे दादांना अठ्ठ्याहत्तरपासून टोचत आलंय. पण आसपास त्याच्यासारखं अक्षर कुणाचं नाही. त्यानं बोर्ड लिंबाला टेकवून ठेवला. ‘दिनकर फार्म’, पिवळ्यावर लाल, खाली फुटबॉलएवढी मोसंबी. तीन बायका बोर्डासमोर बसलेल्या बघून त्यानं काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. तो घाम पुसत सगळं ऐकून घेत होता.

“तुमचं नाव चार महिन्यांत बदललं,” तो म्हणाला. “आमाला सोळा वर्सं लागली.”

आत्यानं त्याला उठून पाणी दिलं, तांब्यातून, त्याच्या हातात तांब्या देऊन. मग त्यानंच विचारलं की पण बाई, हे रुसवा नाव पडलं कशावरून. मी सांगणार होते निझामाचं. आत्या म्हणाली, थांब, तुला बैठकीतलं ठावं हाय. आणि तिनं जे सांगितलं ते मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

पंचफुला ही माणिकरावांची लेक. दादांची आणि आत्याची आत्या. तिला पिंगळीला दिलेली. एक दिवस ती रेल्वेच्या रुळाकडंनं चालत माहेरी आली, पायांत काही नाही, एका कानातली कुडी ओढून काढलेली. माणिकरावांनी तिला भाकरी खाऊ घातली आणि दुसऱ्या दिवशी परत पोचवायला बैलगाडी जुंपली. त्यांची बायको कडूबाई गाडीपुढं आडवी आली नाही, रडली नाही. ती उठली आणि ह्या शेतात येऊन ह्या लिंबाखाली बसली. त्या वेळी लिंब लहान होता, सावली अंगावर पुरायची नाही. पंचफुला गाडीतून उतरून आईच्या मागं आली. ज्वारीची काढणी तोंडावर आलेली, घरात दहा गडी, आणि चूल थंड. माणिकरावांनी आधी शिव्या दिल्या, मग लुगडं आणलं, मग नथ आणली. कडूबाईनं लुगड्याकडं बघितलंसुद्धा नाही. एकवीस दिवस गेले. गडी पळून गेले, ज्वारी पाखरांनी खाल्ली. बाविसाव्या दिवशी माणिकराव तहसिलीत जाऊन कागद करून आले, तेव्हा ती उठली. पंचफुला मरेपर्यंत रुसव्यात राहिली. तिच्यानंतर आत्या. निझामाचा तहसीलदार ह्या सगळ्यात शिक्का मारण्यापुरता होता.

मी विचारलं, मग कागदात हे लिहिलेलं असणार. आत्या म्हणाली, पंचफुला आत्या तसंच म्हणायची. “पर कागद मर्दाच्या पेटीत आन् वरून उर्दूत. दोन कुलपं, बाई.”

आई तोवर कांदे निवडत होती. ती उठून पत्र्याच्या घरात गेली आणि तिच्या गाठोड्यातून कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. पहिल्याच दिवशी सकाळी, जेवण बांधताना, तिनं तो पेटीतून काढून आणला होता. म्हणजे दादा साडी घेऊन यायच्या आधीच. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. चोवीस वर्षं मी जिला गरीब समजत आले ती बाई काही वेगळीच निघाली. म्हणाली, साडी कशापायी घेतली ते मला दुकानातच कळलं व्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी परभणीला गेले. दत्तोपंतांनी ह्या वेळी कागद शेवटपर्यंत वाचला. मध्येच ते थांबले, भिंग पुसलं, परत वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. लिहिणारा मुन्शी उर्दूचा, सांगणारा माणिकराव मराठीचा. त्यानं सांगितलं रुसवा, ह्यानं उर्दू अक्षरांत लिहिलं रुसवा, आणि मी गाढव उर्दू समजून वाचलं, असं ते म्हणाले. एवढ्या वयाचा माणूस माझ्यासारखीपुढं स्वतःला गाढव म्हणतो, हे मला नवीन होतं. त्यांनी सगळा मजकूर मराठीत उतरवून दिला. शेवटची ओळ मात्र उर्दूतच, फक्त देवनागरी अक्षरांत ठेवली आणि म्हणाले, ही तुझ्या बापाला वाचू दे, ह्यातला शेवटचा शब्द मी त्यांना शिकवलेला आहे. पाकीट बंद करून दिलं. मी एसटीत बसल्या बसल्या ते फोडलं आणि वाचलं. शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का. मी म्हणाले, न्हाई, कुणीतरी आलंय, आणि परत रडायला लागले.

आखितीच्या आदल्या दिवशी दुपारी दादा आले. दाढी वाढलेली, डाव्या हाताच्या दोन बोटांना भाजल्याच्या पट्ट्या. हातात फडकं होतं, फडक्यात तीन भाकरी. उद्या चुडाव्याची माणसं येणार, पुरण कोण घालणार, ह्या एका प्रश्नानं त्यांना उन्हातून चालत आणलं होतं. त्यांनी भाकरी आईपुढं ठेवल्या. एक जळलेली, एक कच्ची आणि एक दोन्ही.

दादांनी रुसवा काढायला सुरुवात केली. म्हणाले, तुला पाटल्या करतो. आई गप्प. पंढरीला नेतो. गप्प. मग म्हणाले, बरं, बोर्डावर तुझं नाव टाकतो, सरजा फार्म. आत्याला हसू आवरेना, तिनं तोंडावर पदर धरला. आईनं जळलेली भाकरी मोडून एक घास खाल्ला, चावला, गिळला. मग मला हात केला. मी पाकिटातला कागद दादांना दिला.

“वाचा,” आई म्हणाली. “मोठ्यानं.”

दादांना भाषणाची सवय, त्यामुळं सुरुवात त्यांनी पारावरच्या आवाजात केली. मी माणिकराव, सन तेराशे बेचाळीस फसली, राजीखुशीनं लिहून देतो. माझी बायको कडूबाई माझ्यावर रुसून ज्या शेतात बसली, ज्याला लोक आता रुसवा म्हणतात, इथवर आल्यावर त्यांचा आवाज एकदा अडखळला. निझाम कुठंच येईना. त्यांनी पान उलटून मागं बघितलं, तिथंही नव्हता. मग हळू आवाजात पुढं वाचलं. ते साडेपाच एकर माझ्या घरच्या परत आलेल्या लेकीच्या गुजाऱ्याला दिलं आहे. एक लेक गेली की दुसरी येईपर्यंत भावानं कसावं, ती आली की मोकळं करून द्यावं. लेक का आली, हे तिला कुणी विचारू नये.

दादा थांबले. एक ओळ राहिली होती. त्यांनी ती मनात वाचली, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं.

“म्होरं वाचा,” आई म्हणाली.

“म्होरलं मला ठावं हाय.”

“तुमाला ठावं हाय. आमाला न्हाई. वाचा.”

दादांनी वाचलं. “जो बेटी को यहाँ से उठाए, वो,” आणि परत थांबले. विहिरीवर पारवे घुमत होते. मग त्यांनी तो शब्द उच्चारला, अगदी दत्तोपंतांनी शिकवलेल्या अर्थानं. “रुसवा.”

आत्यानं पाणी आणून दिलं, दादा प्याले. मला त्यांची दया आली, हे कबूल करते. राग होताच, पण दयाही आली. आजोबांनी शेण खाल्लं नव्हतं, उलट खाता खाता थांबले होते, आणि नातवानं त्याच शेणात हात घातला होता. आत्यानंच शेवटी विषय काढला. म्हणाली, दिनकरा, मग त्या सहीचं काय करू.

“तो कागद तर मी त्याच दिवशी घरी न्हेला व्हता,” दादा म्हणाले. “न्हाई ऱ्हायला आता. चौथ्या दिवशी चूल पेटंना.”

आई उठली, पदर झटकला आणि घराकडं चालायला लागली. तिचा रुसवा असा निघाला. दादा तिच्यामागं भाकरीचं फडकं घेऊन चालले. मी आणि आत्या तिथंच राहिलो. माझी पत्र्याची पेटी संध्याकाळी दादांनीच डोक्यावर घेऊन शेतात आणून ठेवली. मला काहीच विचारलं नाही.

बोर्डाचंही सांगून टाकते. लिंबाजीनं तो खरवडून परत रंगवला. मोसंबी ठेवली, नाव रुसवा लिहिलं, खाली स्थापना १३४२. दादांनी त्याला फसली हा शब्द तेवढा लिहू दिला नाही. रस्त्यानं जाणारे अजून थांबून आ वासतात.

आखितीला चुडाव्याची माणसं आली. सासरा, दीर आणि नवरा. आईनं पुरण घातलं होतं, कारण पाहुण्यांना उपाशी लावून द्यायचं नाही, मग ते कोणी का असेनात. हे पुढचं मला आईनं सांगितलं. जेवणं झाली, सुपारी झाली, आणि सासऱ्यानं विचारलं की सूनबाई दिसत नाहीत. दादा म्हणाले, सत्या रुसव्यात हाय. सासरा समजुतीनं हसला. म्हणाला, चालायचंच, बायकांचं असतंच, आम्ही थांबतो की संध्याकाळपर्यंत, रुसवा निघाला की घेऊन जातो.

“न्हाई निघायचा,” दादा म्हणाले. “साडेपाच एकर हाय.”